रान रिकामं असायचं

केवडा म्हटलं की शहरातल्या माणसाला गणपतीतला वास आठवतो. आमच्याकडं केवडा म्हटलं की भेंडी उपटायची वेळ आली असं समजायचं. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात. हिरव्या पानावर कुणी पिवळ्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखी दिसते. मग सगळं पान पिवळं, आणि शेवटी भेंडीसुद्धा पांढुरकी, निबर. बाजारात व्यापारी पाटीत हात घालून अशी एकच भेंडी वर काढतो, बघतो आणि काही न बोलता परत टाकतो. तेवढ्यात आपला दर पडलेला असतो. इतक्या वाईट रोगाला इतकं चांगलं नाव कुणी दिलं देव जाणे. रंगावरनंच दिलं असणार.

माझं गाव कडेगाव तालुक्यात, सांगली जिल्ह्याच्या कडेला. आमच्या माळावर उभं राहिलं की पलीकडची टेकडी सातारा जिल्ह्यात. माझ्या लहानपणी विहिरीच्या थारोळ्याजवळ आजीचं परडं असायचं. चार-पाच ओळी भेंडीच्या, थोडी गवार, थोडी मिरची. तेवढ्यावर घर भागायचं. आजीला एखादं झाड पिवळं दिसलं की ती तिथल्या तिथं उपटायची आणि पार चुलीपर्यंत घेऊन जायची. बांधावर टाकायची नाही. मी विचारलं, "आजी, याला अजून भेंड्या हायत की." ती म्हणायची, "असू देत. एकाचं बघून दुसरं बिघडतंय." शाळेत आम्हाला विषाणू हा शब्द आला नव्हता, तिला तर अक्षरओळखच नव्हती. पण आज कृषी विद्यापीठाची माणसं मेळाव्यात जे सांगतात, रोगट झाड दिसताक्षणी उपटून नष्ट करा, ते ती करतच होती.

पुढं मी वाचायला लागलो तेव्हा कळलं की हा रोग काही आमच्या काळात उपजलेला नाही. १९२४ सालीच मुंबई इलाख्यातल्या पिकांवरच्या अशा रोगांची नोंद कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांनी करून ठेवलेली आहे. १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी भेंडीच्या केवड्यावर लिहिलं, आणि पुढं वर्मा-कपूर यांच्या कामातनं हा रोग पांढरी माशी नेते हे पक्कं झालं. म्हणजे आजी तिकडं भेंडी उपटत होती आणि इकडं पुण्यात शिकलेली माणसं काचेच्या घरात माश्या मोजत होती. दोघांची गाठ पडली असती तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं.

मी दहावी करून शेतीला लागलो. तेव्हा सगळीकडं पुसा सावनी भेंडी. दिल्लीच्या संस्थेची जात. सुरुवातीला ती केवड्याला दाद देत नव्हती म्हणे, पण माझ्या हाती आली तोवर तिच्यातला दम गेला होता. पेरणीनंतर महिनाभरातच पिवळी. मग १९८५ च्या सुमाराला परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठानं परभणी क्रांती काढली. पुसा सावनीचा रानटी भेंडीशी संकर करून केलेली जात. रानात वाढणाऱ्या त्या जातीला केवडा होत नाही, तिचं रक्त घेतलं. मी पहिल्यांदा ती लावली तेव्हा शेजारी बघायला यायचे. पान हिरवंगार, शेवटच्या तोड्यापर्यंत. बंगळूरच्या संस्थेची अर्का अनामिकाही त्याच धाटणीची. आम्हाला वाटलं, सुटलो. पण विषाणूही काही बसून राहत नाही. तो पिढ्या बदलतो, आणि त्याच्या पिढ्या आपल्यापेक्षा फार लवकर होतात. दहा-पंधरा वर्षांनी क्रांतीवरही पिवळ्या जाळ्या दिसायला लागल्या. आता संकरित बियाणं चार अंकी दरानं घ्यायचं आणि दुकानदार सांगेल तितकी वर्षं निभवायचं, असं चाललंय.

हा रोग पसरतो कसा, हे आपल्या लोकांना नीट कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटतं, किडा आला, औषध मारलं, किडा मेला, रोग गेला. तसं नसतं. यात तीन तऱ्हा आहेत, आणि तिन्ही मी माझ्या रानात बघितल्या.

पांढऱ्या माशीची एक तऱ्हा. ती रोगट पानाचा रस पिते, विष तिच्या अंगात मुरायला काही तास जातात, आणि त्यानंतर बहुतेक ती मरेपर्यंत जिथं बसेल तिथं रोग देते. भेंडीचा केवडा, टोमॅटोची पानं गोळा होणं, मिरचीचा बोकड्या, सोयाबीनचा पिवळा मोझॅक, ही सगळी तिचीच कामं, फक्त विष वेगवेगळं.

फुलकिड्याचं आणखी चमत्कारिक. त्याला रोग लागतो तो पिल्लू असताना. मोठा झाल्यावर त्यानं कितीही रोगट रस प्यायला तरी तो रोग वाहत नाही. पण लहानपणी एकदा प्याला असेल, तर पंख फुटल्यावर जन्मभर वाटत सुटतो. भुईमुगाचा शेंडा जळतो आणि टोमॅटोचा शेंडा काळा पडून झाड बसतं, तो एकच विषाणू, आणि आणणारा हाच.

माव्याची तऱ्हा सगळ्यात वाईट. पपईचं उदाहरण घ्या. आमच्याकडं तैवान ७८६ पपईची लाट आली तेव्हा माझ्या भाच्यानं दीड एकर लावली होती. पहिल्या वर्षी फळं अशी की खोड दिसेना. दुसऱ्या लावणीला फळांवर गोल गोल वलयं उठली, पानं बोटांसारखी बारीक झाली. भाचा रोज संध्याकाळी पानं उलटून मावा शोधायचा आणि म्हणायचा, "मामा, मावा तर कुठंच न्हाई." बरोबरच होतं त्याचं. मावा पपईवर घर करतच नाही. उडत उडत येतो, सोंड टोचून चव बघतो, पसंत पडत नाही, पुढच्या झाडावर जातो. तिथं परत टोचतो. त्या टोचण्यात काही सेकंदांत रोग उचलला जातो आणि काही सेकंदांत दिला जातो. औषध त्याला मारेल तोवर त्यानं चार झाडं बघितलेली असतात. एखादं औषध तर त्याला बेचैन करतं आणि तो जास्तच हिंडतो. म्हणून पपईच्या भोवतीनं मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावायला सांगतात. मावा आधी मक्याला टोचतो, तिथं त्याची सोंड पुसली जाते. हे मला फार आवडलं. पाहुण्यानं दारात पाय धुऊन यावं तसं.

इथं लोकरी माव्याची आठवण काढायला हवी, कारण त्याच्यामुळं आमच्या लोकांची एक समजूत पक्की झाली. २००२ सालच्या पावसाळ्यात तो आमच्याच सांगली जिल्ह्यात उसावर दिसला, आणि बघता बघता सातारा, कोल्हापूर, पुणे, खाली कर्नाटकात. उसाची पानं खालनं कापूस लावल्यागत पांढरी आणि वरनं काळी. सगळे हबकले. औषधं मारून भागेना, उसात माणूस शिरणार कसा? मग डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक रानोरान सोडले. उसाची पानं कापून एका गावचे मित्रकीटक दुसऱ्या गावाला न्यायचे, कारखान्यांनीही त्यात हात घातला. लोकरी मावा आटोक्यात आला. तेव्हापासनं आमच्या लोकांना वाटतं, कुठलीही कीड आली तरी तिला खाणारा मागनं येतोच. पण लोकरी मावा स्वतः रस पिऊन नुकसान करत होता. जितका कमी, तितकं नुकसान कमी. विषाणूच्या रोगात हा हिशेब चालत नाही. हजार माश्यांतल्या नऊशे मित्रकीटकांनी खाल्ल्या, तरी उरलेल्या शंभर एकरभर रोग द्यायला पुरतात.

मग पूर्वी हे रोग इतके का नव्हते? जाती जुन्या होत्या, गावठी होत्या, हे एक कारण लोक सांगतात. खतं-औषधं नव्हती, हे दुसरं. दोन्हीत थोडं थोडं तथ्य असेल. मला मात्र मोठं कारण वेगळं वाटतं.

पूर्वी रान रिकामं असायचं. शाळू निघाला की माघ-फाल्गुनात रानं मोकळी व्हायची. कुळव फिरवायचा आणि ढेकळं उन्हात तापत पडायची. चैत्र, वैशाख, अर्धा जेठ. विहिरीला पाणी असलंच तर पिण्यापुरतं. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जायचो. माळावरनं खाली बघितलं तर हिरवं म्हणून काय दिसायचं? निंब आणि बाभळी. ती वर्षं वाईट होती, त्यांचं कौतुक कुणी करू नये. पण दरसालच्या साध्या उन्हाळ्यातही अडीच-तीन महिने असे जायचे की भेंडी नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही. पांढरी माशी प्यायची काय? बांधावरच्या चार तणांवर थोड्या तगायच्या, बाकी मरायच्या. रोग हा हिरव्या झाडात जगतो. झाडच नाही तर तो कुठं राहणार? पाऊस पडून नवं पीक उगवायचं तेव्हा माश्याही थोड्या आणि त्यातही रोग वाहणाऱ्या आणखी थोड्या. दरसाल पाटी कोरी होत होती आणि ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

पुढं टेंभूचं पाणी आलं. कराडजवळ टेंभू गावापाशी कृष्णेचं पाणी उचलतात, टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ करत पार सांगोल्यापर्यंत नेतात. आमच्या ओढ्याला मे महिन्यात पाणी वाहताना बघून म्हाताऱ्या माणसांनी नारळ फोडले, त्यात माझे वडीलही होते. पाण्याला नावं ठेवील तो करंटा. माझ्या पोरांची शिक्षणं त्या पाण्यावर झाली, पक्कं घर त्या पाण्यावर झालं. पण पाणी आलं तसं रानाचं रिकामपण गेलं. जानेवारीत टोमॅटो, मार्चात मिरची, एप्रिलात भेंडी, जूनला परत टोमॅटो. एकाचं संपायच्या आत शेजारच्याचं लागलेलं. वर ठिबक, वर मल्चिंग पेपर. बांधावर ओसाडी आणि गाजरगवत बाराही महिने हिरवं. माशीला आता एका बांधावरनं दुसऱ्या बांधावर जायचं, एवढंच काम. आणि जिथं तिला उडून पोचता येत नाही, तिथं आपण रोपांचे ट्रे टेम्पोत घालून पोचवतो. रोपवाटिकेतनं निघताना रोप हिरवंच दिसतं. आतला रोग दोन-तीन आठवड्यांनी आपल्या रानात तोंड दाखवतो.

२०२० चा उन्हाळा सगळ्यांनाच आठवत असेल. माझे दाजी फलटण तालुक्यात टोमॅटो करतात. एप्रिल-मे महिन्यात त्यांच्या फळांवर पिवळे, लाल, हिरवे चट्टे उठले. कापलं तर आत टणक, काळपट. सातारा, पुणे, नगर, नाशिक, सगळीकडं तीच ओरड. लोकांनी त्याला तिरंगा व्हायरस नाव दिलं. नमुने बंगळूरच्या बागायती संस्थेकडं गेले, आणि त्यात काकडीवरच्या मोझॅकचा विषाणू सापडला, जो मावा वाहतो. बाहेर टाळेबंदी, माणसांचा व्हायरस वेगळाच चाललेला. त्यात एका टीव्हीवाल्यानं सांगून टाकलं की हा टोमॅटोचा व्हायरस कोरोनापेक्षा भयंकर आहे. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही, एवढी साधी गोष्ट. पण ऐकणारा तेव्हा घाबरलेलाच होता. ज्यांची फळं चांगली होती त्यांचंही गिऱ्हाईक तुटलं. दाजी फोनवर म्हणाले, "झाडाला झालाय त्याचं दुःख न्हाई हो, ह्यांच्या तोंडाला झालाय त्याला कुठलं औषध मारू?"

आता घरातलं सांगतो. २०२३ सालच्या मे महिन्यात टोमॅटोला किलोला दोन-तीन रुपये दर होता. लोक रस्त्यावर ओतत होते. माझ्या चुलत भावाचा पंधरा गुंठ्यांचा प्लॉट माझ्या बांधाला लागून. पानं गोळा झालेली, झाडं खुरटलेली, त्यानं तोडायचंही सोडून दिलं होतं. मला जूनच्या पहिल्या आठवड्यात माझा एकर लावायचा होता. मी त्याला म्हणालो, "तेवढं उपटून टाक. मजुरी मी देतो." तो म्हणाला, "दादा, ऱ्हाऊ दे. दर आला तर?" मी म्हणालो, "ह्या झाडांना काय दर येणार?" तो काही बोलला नाही, तारेला हात लावून उभा राहिला.

मी माझ्याकडनं सगळं केलं होतं. रोपं जाळीत वाढवलेली, भोवतीनं मक्याच्या चार ओळी, पिवळे चिकट सापळे. पण त्या साली पाऊस लांबला. जून जवळजवळ कोरडा गेला, आणि कोरड्या गरम हवेत पांढरी माशी मोकाट. सापळ्याचा पिवळा कागद चार दिवसांत पांढरा व्हायचा. जुलैत माझ्या झाडांचे शेंडे गोळा व्हायला लागले. आणि त्याच जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला. नारायणगावच्या शेतकऱ्यांचे फोटो पेपरात. भावाच्या त्या मरतुकड्या प्लॉटला वळवाच्या एका सरीवर फुटवा आला होता. सुपारीपेक्षा जरा मोठी फळं. त्यानं बायकापोरांना घेऊन सत्तर क्रेट तोडले आणि सोसायटीचं कर्ज एका महिन्यात फेडलं. माझा माल बाजारात गेला तो सप्टेंबरात, दर पडल्यावर, आणि तोही चार आण्यांनी.

मी कुणाला दोष देऊ? त्यानं माझं ऐकलं असतं तर त्याच्या डोक्यावर आज कर्ज असतं. पेढे घेऊन तो आमच्या घरी आला तेव्हा माझ्या मंडळींनी घेतले, मीही एक खाल्ला. रोगाचं गणित मला पाठ होतं, बाजाराचं त्याचं बरोबर आलं. आमच्याकडच्या शेतकऱ्याला रोगट पीक का उपटवत नाही, हे त्या पेढ्यानं मला जितकं समजलं तितकं कुठल्या मेळाव्यात समजलं नव्हतं.

तरी विषय डोक्यातनं जाईना. एका शिबिरात एका शास्त्रज्ञांनी डोमिनिकन रिपब्लिक नावाच्या देशाची गोष्ट सांगितली. तिथं टोमॅटोचे कारखाने याच रोगानं बसायला आले होते. मग १९९० च्या दशकात सरकारनं नियम केला, वर्षातले तीन महिने पांढऱ्या माशीला चालणारी पिकं कुणी लावायचीच नाहीत. टोमॅटो परत उभा राहिला. आपल्याकडंही काही नवीन नाही ते. गुलाबी बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून मध्यंतरी काही वर्षं कापसाचं बियाणं १ जूनच्या आधी विकू देत नव्हते, ते याच विचारानं. पण भाजीला असा नियम कोण करणार, आणि केला तर पाळणार कोण?

२०२४ च्या पाडव्यानंतर टेंभूच्या आमच्या एका पाटावरचे आठ जण मी मारुतीच्या देवळात बसवले. म्हणणं एवढंच, अक्षय तृतीया ते मृगाचा पाऊस, टोमॅटो, मिरची, भेंडी, वांगं कुणी ठेवायचं नाही. त्याऐवजी मका, कडवळ, नाहीतर ताग. दोघं म्हणाले, ऊस असणाऱ्याला काय बोलायला जातंय. एकजण वाट्यानं करत होता, तो म्हणाला, मालकाला विचारायला पायजे. त्याचं खरं होतं, त्याला तेवढे दिवस रिकामे परवडणारे नव्हते. त्याच्या जनावरांना आम्ही मका द्यायचं ठरवलं. शेवटी सहा जणांनी पाळलं. एकानं मुलीचं लग्न काढलं होतं म्हणून भेंडी ठेवली, आणि त्याला कुणी काही बोललं नाही. त्या साली रोग कमी वाटला, पण कमी वाटणं आणि कमी असणं यात फरक आहे. पुढच्या, २०२५ च्या मेमध्ये वळवानंच असा धुमाकूळ घातला की रानात पाऊल टाकता येईना. माश्या धुऊन गेल्या. आमच्या सुट्टीनं काम केलं की पावसानं, हे सांगता यायचं नाही. मी मात्र सापळ्यावरच्या माश्या मोजून वहीत लिहून ठेवतो. नातू म्हणतो, "आजोबा, मोबाईलमधी फोटो काढा की." फोटो काढला तर मोजायचं राहून जातं.

यंदा परत देवळात बसलो तेव्हा चुलत भाऊ न बोलावता आला. बराच वेळ खांबाला टेकून ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, माझं पंधरा गुंठं धरा यात. पण जुलैत दर गेला शंभरावर, तर पोराबाळांसकट तुमच्याकडं जेवायला येणार." माझी मंडळी पाणी घेऊन आली होती, ती तिथंच म्हणाली, "या की भावजी. पण टोमॅटोची आमटी मागू नका."